मालकाकडून हप्त्यावर घर घ्यायलात? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगर, कुठंही जा, बँकेनं लोन नाकारलेला माणूस शेवटी हप्त्यावर देणारा मालकच शोधतो. पगाराची स्लिप नाही, रिटर्न भरलेलं नाही, दुकान चांगलं चालतं पण सगळा धंदा रोखीतला, नाहीतर शेती आहे आणि पीककर्जानं सिबिलची वाट लागलेली. मग एजंट सांगतो की अमुक नगरातले काका घर विकायलेत, पाच-सहा लाख आत्ता द्या, बाकीचे महिन्याला, किल्ली लगेच. हा व्यवहार मुळात वाईट नाही, मी स्वतः असंच घर घेतलंय आणि आज ते माझ्या नावावर आहे. पण आधी काय आणि नंतर काय हे मला कुणी सलग सांगितलंच नाही. एजंट एक सांगायचा, बॉण्ड रायटर दुसरं, मेव्हणा तिसरंच. म्हणून हे लिहायलोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. या व्यवहारात किल्ली पहिल्या दिवशी मिळते आणि मालकी बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी. मधल्या पाच-सहा वर्षांत मालक वारू शकतो, त्या घरावर कर्ज काढू शकतो, दुसऱ्याला विकू शकतो, आणि रोडला भाव आला की त्याची नाहीतर त्याच्या पोराची नियत फिरू शकते. खालचं सगळं त्या मधल्या वर्षांसाठी आहे.

१. मालक हप्त्यावर का देतोय ते आधी काढा

चांगली कारणं असतात. रिटायर माणूस आहे, एकरकमी पैसा नकोय, महिन्याला येत राहिला तर बरं. किंवा घर बरेच दिवस पडून आहे, रोखीचं गिऱ्हाईक नाही. वाईट कारण एकच, आणि ते कुणी तोंडानं सांगत नाही: त्या घराच्या कागदावर कुठलीच बँक लोन देणार नाही.

तुम्हाला लोन मिळत नाही ही एक गोष्ट आणि त्या घराला लोन मिळत नाही ही वेगळी गोष्ट. पहिल्यात काही बिघडत नाही, दुसऱ्यात सगळंच बिघडतं. म्हणून कागदांच्या झेरॉक्स घेऊन बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाला गाठा आणि सरळ विचारा, ‘साहेब, या प्रॉपर्टीवर तुमची बँक कर्ज देईल का?’ नाही म्हणाले तर कामून नाही ते लिहून घ्या. ही फी वाचवू नका. आणि वकील तुमचा पाहिजे, मालकानं किंवा एजंटनं आणलेला नको. ‘आपलाच माणूस आहे, दोघांचं बघतो’ असं कुणी म्हणालं की उठून या.

२. घराखालची जमीन कसली आहे

मराठवाड्यात इथंच जास्त माणसं अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

घर गावठाणात असेल तर बहुतेक मालक ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ पुढं करतो. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. तुमच्या गावात ड्रोननं मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मालमत्ता पत्रक निघालं असेल तर ते मागा. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर तिथंही मालमत्ता पत्रकच बघायचं, महापालिकेची टॅक्स पावती नाही.

शेतजमिनीवर प्लॉटिंग करून घर बांधलेलं असेल तर सातबारा, एनए म्हणजे बिगरशेती झाल्याचा कागद आणि मंजूर लेआउट तिन्ही पाहिजे. ‘एनए होणार आहे, फाईल टाकली आहे’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू येतं. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटवरचं घर असेल, आणि संभाजीनगरात तर वस्त्याच्या वस्त्या गुंठेवारीत आहेत, तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बघा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, पण सोय झाली म्हणजे तुमच्या मालकानं पैसे भरून ते करून घेतलं असं नाही. नियमित नसेल तर त्याचा खर्च कोण करणार ते किंमत ठरवतानाच ठरवा.

मग सातबाऱ्यावर वर बघा, भोगवटादार वर्ग १ आहे का वर्ग २. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, विकलं तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते, तुमच्या घरासकट. आपल्याकडं निजामाच्या राज्यातल्या इनामी जमिनी भरपूर, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम, मशीद-दर्ग्याच्या जमिनी. हे शब्द सातबाऱ्यावर, जुन्या फेरफारात किंवा खासरा पत्रकात कुठंही दिसले की थांबा. वक्फची शंका असेल तर राज्य वक्फ बोर्डाचं मुख्य कार्यालय संभाजीनगरला पाणचक्कीतच आहे, तिथून खात्री करा. कुळाची नोंद पण बघा, विशेषतः ३८-ई, म्हणजे हैदराबाद कुळकायद्यातलं संरक्षित कूळ. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कुळाचे नातू आज उभे राहिलेले मी बघितलेत.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि तिथून आजपर्यंतचे फेरफार एकदा काढाच. पिवळं पडलेलं पान असतं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, आणि त्याच्याही मागचे कागद उर्दूत. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड मौलवी चाचांनी मला ते अर्ध्या तासात वाचून दिलं, पैसे घ्यायला तयार नव्हते, चहावर भागलं. त्या कागदात सर्व्हे नंबरापुढं एका शब्दाची नोंद असते आणि सगळा खेळ त्या एका शब्दावर.

गायरानावरचं घर, घरकुल योजनेतलं घर, सिडकोचं भाडेपट्ट्यावरचं घर, यांचं थोडक्यात सांगतो. गायरान घेऊच नका. घरकुलात विक्रीवर बंधन आहे का ते मंजुरीच्या कागदावर बघा. सिडकोच्या घराला जिथं भाडेपट्टा चालू आहे तिथं हस्तांतरणाची परवानगी लागते, ती मालकानं आधी आणायची, ‘नंतर बघू’ नाही.

प्लॉटिंगवाला किंवा बिल्डरच हप्ते पाडून देत असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागा. ५०० चौरस मीटरच्या वरची जागा किंवा ८ पेक्षा जास्त घरं असली की नोंदणी लागते, आणि किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे त्याला करार रजिस्टर केल्याशिवाय घेताच येत नाहीत.

३. मालक एकटाच मालक आहे का

घर स्वतःच्या कमाईतलं असेल तर तो एकटा विकू शकतो. वडिलोपार्जित असेल तर सगळे हिस्सेदार पाहिजेत, आणि सगळे म्हणजे बहिणी पण. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की २००५ ला वडील हयात होते का नव्हते यानं फरक पडत नाही. तरी आपल्याकडं अजून म्हणतात, ‘बहिणींचं काही नाही हो, त्यांची लग्नं झालीत.’

आमच्या व्यवहारात मालकाची थोरली बहीण हिंगोलीकडून सही करायला आली होती. भाऊ घाई करायला, टोकन नंबर जवळ आलेला, आणि आक्का बाकावर बसून चष्मा लावून एकेक पान वाचायल्या. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘दादा, इथं माझं नाव साक्षीदारात कामून टाकलंय? मी हिस्सेदार हाय ना?’ बरोबर होतं त्यांचं. साक्षीदाराच्या सहीनं त्यांचा हक्क सुटत नव्हता. पान बदललं, त्यांना ‘लिहून देणार’मध्ये घेतलं आणि मगच रजिस्ट्री झाली. त्या दिवशी आक्का गप्प बसल्या असत्या तर पुढं त्यांच्या पोरांनी दावा टाकला असता आणि त्यांची चूकही म्हणता आली नसती.

तर, वारस फेरफार बघा, नावं मोजा, प्रत्येकाची सही किंवा रजिस्टर हक्कसोडपत्र. हक्कसोड बॉण्डवर चालत नाही. मालकाची बायको आणि सज्ञान मुलं-मुली यांना संमती देणार म्हणून घेतलं तर उत्तम, कायद्यानं प्रत्येक वेळी लागतंच असं नाही पण उद्या काका गेले तर हीच माणसं तुमच्या समोर असणार आहेत.

कुणी कुलमुखत्यारपत्रावर विकत असेल तर जास्त सावध. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सहसा तिथंच संपतं, आणि नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही हे २०११ ला सूरज लॅम्प केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय.

४. बोजा तपासा

सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटी, जिल्हा बँक, पतसंस्था असं काही दिसतंय का. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात, ते घरबसल्या शोधता येतं, जुन्या वर्षांसाठी वकिलाला दुय्यम निबंधक ऑफिसात बसावं लागतं. तीस वर्षांचा सर्च मागा. बँकेकडं गहाण आहे का हे सरसाईच्या, म्हणजे बँकांच्या गहाणांच्या केंद्रीय नोंदीत थोडी फी भरून कळतं. कोर्टात केस आहे का ते ई-कोर्ट्सवर मालकाच्या नावानं शोधा, फुकट आहे, नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

आणि स्थानिक पेपरात वकिलामार्फत जाहीर प्रगटन द्या. मालक नाराज होतो, ‘गावभर बोभाटा कशाला’. ज्याला काही लपवायचं नाही तो दोन दिवसांत मानतो.

आता सगळ्यात जास्त दिसणारा सापळा. मालकाचं होम लोन चालू आहे आणि तो म्हणतो, ‘तुम्ही मला हप्ता द्या, मी बँकेत भरतो.’ तुम्ही भरता, तो भरत नाही. मग एक दिवस दारावर बँकेची नोटीस. २००२ च्या सरफेसी कायद्यात बँक कोर्टात न जाता घराचा ताबा घ्यायची कारवाई करू शकते, तुमचं साठेखत, म्हणजे पुढं विकायचा करार, बँकेच्या गहाणानंतरचं असल्यानं बँकेपुढं टिकत नाही. लोन असेल तर एकतर तुमच्या पहिल्या रकमेतून ते पूर्ण फेडून घ्या आणि मूळ कागद बँकेतून बाहेर आणा, नाहीतर बँकेची लेखी संमती घेऊन तुमचा हप्ता सरळ त्या लोन खात्यात जमा करा. तिसरा मार्ग नाही.

५. व्यवहार कुठल्या कागदावर करायचा

पहिला प्रकार, बॉण्डवर इसार पावती आणि नोटरी. पूर्वी शंभराचा बॉण्ड होता, ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झाला, ताकद काही वाढली नाही. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढंच. आठ-दहा दिवसांच्या टोकनसाठी ठीक, सहा वर्षांच्या हप्त्यांसाठी अजिबात नाही.

दुसरा प्रकार, भाडेकरार. ‘सध्या भाडेकरार करू, स्टॅम्प वाचेल, आपल्यात तोंडी ठरलंय ना.’ असं केलं की कागदावर तुम्ही भाडेकरू आणि तुमचे हप्ते म्हणजे भाडं. सहा वर्षांनी किती घर तुमचं झालं? शून्य.

तिसरा, ताब्यासह रजिस्टर साठेखत. बहुतेकांनी हाच करावा. मुद्रांक शुल्क जवळपास खरेदीखताइतकंच पूर्ण लागतं, कारण ताबा दिला की महाराष्ट्राच्या कायद्यात ते खरेदीसारखंच धरतात, पण घाबरू नका, पुढं खरेदीखत करताना ते वजा मिळतं. स्टॅम्प वाचवायला कुणी साठेखतात ‘ताबा दिला नाही’ असं लिहायला सांगतो आणि किल्ली हातात देतो, हे करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ मुळं, तुम्ही तुमची बाजू पाळत असाल तर मालक तुम्हाला ताब्यातून काढू शकत नाही, पण ते संरक्षण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना रजिस्ट्री असेल तरच मिळतं आणि ताबा करारापोटी दिल्याचं कागदावर दिसलं पाहिजे. तुम्हीच ‘ताबा नाही’ असं लिहून दिलं की मग भांडणार कशावर? रजिस्ट्री झाली की नोंद सगळ्यांना दिसते, उद्या दुसरा कुणी घेणारा आला तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. पण हेही लक्षात ठेवा की साठेखतानं मालकी येत नाही, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर मालक तोच राहतो.

चौथा प्रकार कमी जणांना माहीत आहे आणि घेणाऱ्यासाठी सगळ्यात भारी आहे: सरळ खरेदीखत, आणि त्यातच बाकी रक्कम व हप्ते लिहायचे. पूर्ण पैसे दिल्याशिवाय खरेदीखत होत नाही असं सगळे समजतात, कायदा तसं म्हणत नाही, काही किंमत दिली आणि काही द्यायचं कबूल केलं तरी विक्री होते. मालकाच्या बाकी पैशासाठी त्या घरावर त्याचा बोजा राहतो, त्याला अजून भरवसा पाहिजे तर तुम्ही त्याच्या नावानं गहाणखत करून द्या. मालकी तुमची, गहाण त्याच्याकडं, बँकेच्या लोनमध्ये असतं तसंच. मालक लवकर तयार होत नाही हे खरं, ‘सगळा टॅक्स याच वर्षी बसेल’ म्हणतो. ताबा देऊन साठेखत केलं तरी टॅक्सचा प्रश्न त्याला येऊ शकतो, त्याला त्याच्या सीएकडं पाठवा. विचारून तर बघा, ओळखीचे काका असले तर मानतात.

घर घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेही बघा.

६. हिशोब

व्याज ‘शेकडा’नं सांगतात म्हणून फसायला होतं. समजा घर २४ लाखाचं, ६ लाख आत्ता, १८ लाख सहा वर्षांत, म्हणजे ७२ हप्ते. बिनव्याजी असेल तर महिना २५ हजार. मालक म्हणाला शेकडा एक रुपया, ऐकायला किती बारीक वाटतं. वर्षाचे १२ टक्के झाले. आता तो जर पूर्ण १८ लाखावर सहा वर्षं तेच व्याज लावणार असेल तर व्याज १२ लाख ९६ हजार, हप्ता ४३ हजार. तेच व्याज उरलेल्या रकमेवर लावलं, म्हणजे जसजसं फेडाल तसं कमी होत गेलं, तर हप्ता ३५ हजार २०० च्या आसपास. फरक एकूण साडेपाच लाखाच्या वर. दर तोच, शब्द तेच. म्हणून करारात ‘घटत्या मुद्दलावर’ असं स्पष्ट लिहा आणि ७२ ओळींचा तक्ता जोडा, त्यात तारीख, हप्ता, मुद्दल, व्याज, बाकी.

बिनव्याजी म्हणत असेल तरी विचारा, ‘काका, रोखीनं घेतलं तर कितीला?’ २० म्हणाले तर तुमचे ४ लाख म्हणजे व्याजच आहे, साडेआठ-पावणेनऊ टक्क्यांनी पडतंय. महाग नाही, फक्त फुकट समजू नका.

शेतकरी असाल तर महिन्याचा हप्ता कबूल करू नका, सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, तूर-हरभऱ्याचा पाडव्याच्या आधी, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. सहामाही हप्ते मागा. फक्त ‘पीक निघाल्यावर’ असं लिहू नका, तारीख लिहा, आणि पाऊसकाळाचं आपल्याकडचं सगळ्यांना माहीत आहे, तर एक सहामाही हप्ता थोड्या व्याजावर पुढं ढकलायची मुभा लिहून घ्या.

७. करारात या गोष्टी असल्याच पाहिजेत

- चतुःसीमा, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, मीटरचा ग्राहक क्रमांक. शक्य असेल तर भूमी अभिलेखची मोजणी.
- एकूण किंमत, दिलेली रक्कम कशी दिली त्याचा यूटीआर (बँकेतून पैसे पाठवल्याचा नंबर) किंवा चेक नंबर, हप्त्यांचा तक्ता.
- हप्ते चालू असेपर्यंत मालक हे घर विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, बक्षीस देणार नाही. ठेवलं तर तुमचे पैसे व्याजासकट परत आणि तोपर्यंत घरावर तुमच्या रकमेचा बोजा.
- करार दोन्हीकडच्या वारसांवर बंधनकारक.
- आधी सगळे पैसे भरले तर दंड नाही. पुढं तुम्हाला लोन मिळालं तर बँकेकरवी काकांना मोकळं करता आलं पाहिजे आणि त्यासाठी लागतील त्या सह्या ते देतील.
- शेवटच्या हप्त्यानंतर किती दिवसांत खरेदीखत, आणि शेवटची तारीख कुठली.
- घरपट्टी, लाईट बिल, मोठी दुरुस्ती कुणाकडं. आधीची सगळी थकबाकी मालकाची.

आणि जप्तीचं कलम. छापील नमुन्यात बहुतेक असतं, ‘एक हप्ता जरी चुकला तरी करार आपोआप रद्द व भरलेली सर्व रक्कम जप्त’. कोर्ट अशी रक्कम सगळीच्या सगळी जप्त होऊ देईलच असं नाही, झालेल्या नुकसानीपुरती वाजवी भरपाई बघतं, पण तोपर्यंत तुम्ही रस्त्यावर आणि तारखा चालू. त्याजागी असं लिहा: हप्ता चुकला तर ३० दिवस सवलत, मग स्पीड पोस्टानं नोटीस, मग अजून ३० दिवस, तरी नाही भरला तर करार रद्द आणि भरलेल्या रकमेतून ठराविक टक्के कापून बाकी परत, आणि पैसे परत दिल्यावरच ताबा सोडायचा. सगळ्यात जास्त ओढाताण याच कलमावर होते. टक्के कमी-जास्त करा, कलम सोडू नका.

८. रजिस्ट्रीचा दिवस

आधीच डेटा एन्ट्री करून, ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या वेबसाईटवर, चलन भरून, वेळ बुक करून जा. कागद हे न्या:

- सगळ्या लिहून देणाऱ्यांचं आणि घेणाऱ्यांचं आधार व पॅन, मूळ
- सातबारा किंवा मालमत्ता पत्रक ताजं, नमुना ८ किंवा टॅक्स पावती
- एनए ऑर्डर, लेआउट, गुंठेवारी प्रमाणपत्र, जे लागू असेल ते
- मालकाचं स्वतःचं आधीचं खरेदीखत
- हक्कसोडपत्रं, वारस फेरफार, असेल तर मृत्यूचा दाखला
- बँकेचं नो ड्यूज
- लाईट बिल, पाणीपट्टी
- दोन साक्षीदार, ओळखपत्रासकट

दस्त सही करायच्या आधी छापलेला पूर्ण वाचा, मेलवर आलेला नाही, छापलेला. सही प्रत्येक पानावर. मोठी रक्कम रजिस्ट्रीच्या दिवशीच द्या, आधी टोकनपुरतंच.

९. हप्ते चालू असताना

रोख नाही. २० हजार आणि त्यावर घराच्या व्यवहाराची रक्कम रोखीत घेतली तर पैसे घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मालकाला सांगा, तोच नको म्हणेल. व्यवहार ५० लाखाचा किंवा त्यावरचा असेल तर तुम्हाला १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो.

पैसे करारात लिहिलेल्या खात्यावरच. ‘यावेळी पोराच्या फोनपेवर टाका’ म्हणाले तर गोड बोलून नाही म्हणा, पोराला दिलेले पैसे काकांना मिळाले हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. कोरे सही केलेले चेक देऊ नका, पुढच्या तारखेचे द्यायचेच तर नाव, रक्कम, तारीख भरून, क्रॉस करून, आणि सगळ्या नंबरांची यादी करारात.

प्रत्येक हप्त्याला पावती, एका वहीत, अशी:

‘साठेखत दस्त क्र. ___ पोटी हप्ता क्र. १७, रु. २५,०००, एनईएफटीनं मिळाले. सुरुवातीच्या रकमेसह आजअखेर जमा रु. १०,२५,०००. बाकी रु. १३,७५,०००. तारीख, सही.’

बाकीचा आकडा महत्त्वाचा. नुसतं ‘पैसे मिळाले’ लिहिलं की चार वर्षांनी वाद. काका वाचून सही करतात, वहीचा फोटो दोघांच्या व्हॉट्सअॅपवर, झालं.

सहा महिन्यांनी एकदा ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून बघायचं, डिजिटल सहीचा उतारा मोबाईलवरच निघतो. इंडेक्स टू पण शोधायचं. नवा बोजा, नवा फेरफार दिसला तर त्याच आठवड्यात वकील.

मोठं बांधकाम, वरचा मजला वगैरे, खरेदीखत होईपर्यंत नको. परवाना मालकाच्या नावानं निघतो आणि तुमचा पैसा अजून त्याच्या जागेत जातो.

१०. बिघडलं तर

मालक वारला तर हप्ते थांबवू नका. वारस कोण ते ठरेपर्यंत पैसे कुणाला द्यायचे हा घोळ होतो, वकिलाकडून सगळ्या वारसांना पत्र पाठवा की पैसे तयार आहेत, खातं सांगा. हप्त्याची रक्कम बाजूला, खात्यात दिसेल अशी ठेवा.

मालक खरेदीखत द्यायला टाळाटाळ करायला लागला तर गोडीगुलाबीत वर्षं घालवू नका. करार पूर्ण करून मागायचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत टाकावा लागतो, तारीख ठरलेली नसेल तर मालकानं नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. कोर्टात पहिला प्रश्न हाच असतो की तुम्ही स्वतः पैसे द्यायला कायम तयार होता का, आणि त्याचं उत्तर तुमची वही, बँक स्टेटमेंट आणि नोटीस देतात. ‘या दिवाळीला करू, पोराचं लग्न होऊ द्या’ हे ऐकत एखादी दिवाळी थांबा, दुसरीला नोटीस.

११. शेवटचा हप्ता

शेवटचा हप्ता आधी टाकून मग खरेदीखताची वाट बघू नका, दोन्ही एकाच दिवशी, दुय्यम निबंधक ऑफिसातच ठेवा. खरेदीखतात आधीच्या साठेखताचा दस्त क्रमांक आणि भरलेलं मुद्रांक शुल्क लिहायला सांगा, नाहीतर वजावट निघत नाही. चौथ्या प्रकारानं घेतलं असेल तर त्याच दिवशी गहाणमुक्ती.

मालकाकडचे सगळे मूळ कागद यादी करून ताब्यात घ्या, त्याचं स्वतःचं खरेदीखत, जुने नकाशे, एनए ऑर्डर. मग फेरफाराची नोंद लागली का ते तलाठ्याकडं किंवा सिटी सर्व्हेला बघत राहा, नोटीस निघते, हरकतीची मुदत असते, ती संपून नोंद मंजूर होईपर्यंत पिच्छा सोडू नका. घरपट्टी आणि महावितरणचं मीटर नावावर करायला वेगळे अर्ज लागतात, आपोआप होत नाही. मीटरला जुनी डिपॉझिट असते, ती काकांची का तुमची हे पण आधीच बोलून घ्या, एवढ्याशा पैशावरून शेवटी शेवटी तोंडं वाकडी होतात.